बोअरिंगचे नितळ पाणी आणि डागाळलेले दात

मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसले की पालक मला हमखास सांगतात, "डॉक्टर, पोरगं दातच घासत नाही." बिचाऱ्या पोराला उगाच बोलणी बसतात! हे डाग घासून जात नाहीत. वयाच्या साधारण आठ वर्षांपर्यंत दातांचे कवच आतल्या आत घडत असते. त्या काळात पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले की ते पडतात.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा, कोरपना भागातील भूजलात हे फ्लोराइड आढळले आहे. खडकात वर्षानुवर्षे मुरलेल्या पाण्यात ते विरघळते. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरिंगमध्ये ते बहुधा अधिक सापडते. पाणी दिसायला नितळ, चवीलाही बरे. भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालते. मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि शेतात राबणारा माणूस कितीतरी जास्त पाणी पितो, हेही ध्यानात घ्यावे. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांचे सांधे दुखतात, मान व पाठ ताठरते. घरचे त्याला 'वात' म्हणतात आणि गोळ्या चालू राहतात.

पाणी उकळून हे जाईल का? नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण उलट थोडे वाढते. कापडाने गाळूनही काही साधत नाही.

यावरचा उपाय आपल्या शेजारी नागपुरातच निघाला. तेथील 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात 'नलगोंडा पद्धत' विकसित केली. नलगोंडा हा आजच्या तेलंगणातील फ्लोराइडग्रस्त जिल्हा. पाण्यात चुना व तुरटी घालून दहा मिनिटे हळूहळू ढवळायचे आणि तासभर स्थिर ठेवायचे. तुरटीचे कापसासारखे पुंजके होतात, फ्लोराइडला धरून तळाशी बसतात. बादलीची तोटी तळापासून दोन-तीन बोटे वर असावी, म्हणजे गाळ न हलता वरचे पाणी घेता येते. पण तुरटी अंदाजाने टाकू नका. तिचे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व क्षारतेवर ठरते, आणि जास्त झाली तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उरते. गाळही गुरे तोंड लावतील तेथे फेकू नये.

म्हणून आधी तपासणी. ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. एकाच गावात एक बोअरिंग दूषित, तर दुसरे चांगले निघू शकते. चांगले पाणी पिण्यास व स्वयंपाकास ठेवावे. दुसऱ्याने आंघोळ, धुणी करायला हरकत नाही. ताक, शेवग्याची भाजी, जंगलातला आवळा आहारात असू द्या, आणि मुलांना कोरा चहा देऊ नका, त्यातही फ्लोराइड असते.