शिवलेली नौका : एक गृहपाठ

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात प्राचीन सागरी व्यापाराचे एखादे पान असते. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे, रोमन नाणी, मिरी, तलम कापड. प्रश्नोत्तरे लिहून झाली की धडा संपतो. आम्हीही तो कित्येक वर्षे असाच संपवीत आलो. ज्या नौकांतून हा व्यापार चालला त्या बांधल्या कशा जात, हा प्रश्न आम्ही वर्गात कधी काढला नाही, कारण त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा हीच उणीव कशी भरून निघाली ते लिहावे, असे ठरविले.

निमित्त झाले अजिंठ्याच्या सहलीचे. तेथील २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांची एक नौका रंगविलेली आहे. तिच्या नाळेवर डोळा काढलेला असून मागच्या बाजूस रांजणांची रांग दिसते. हे चित्र पूर्णाच्या अवदानकथेतील आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा. पिता श्रीमंत व्यापारी, माता त्याच घरातील दासी. पिता आजारी पडला तेव्हा पत्नी व पुत्र दूर झाले आणि त्याची शुश्रूषा केली ती या दासीने. पुढे वाटणीच्या वेळी भावांनी पूर्णाला दासीपुत्र म्हणून वाटा नाकारला. समुद्रावरच्या यशस्वी सफरींनी तो मोठा झाला, भिक्खू झाला, आणि चंदनाच्या शोधात निघालेला त्याचा भाऊ वादळात सापडला तेव्हा त्याचा तारणहारही तोच ठरला. कथा सांगून झाल्यावर आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, जहाज कोणाचं ते कळलं. पण बांधलं कोणी?”

परत आल्यावर आम्ही वाचावयास बसलो. राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नौकांविषयी एक प्रकरण आहे. त्यात लाकडाचेही चार वर्ण केले आहेत! हलके व मऊ लाकूड ब्राह्मण, हलके व कठीण ते क्षत्रिय, मऊ व जड ते वैश्य, कठीण व जड ते शूद्र. नौकेसाठी क्षत्रिय लाकूड उत्तम; निरनिराळ्या वर्णांची लाकडे एकत्र केली तर ती नौका कुजते व फुटते, असा निर्वाळाही आहे. समुद्रातील चुंबकीय खडक ओढून घेतील म्हणून लोखंड वापरू नये, असेही हा ग्रंथ सांगतो. ग्रंथकाराने हाती वाकस धरला होता की नाही, याविषयी आम्हांस शंका आहे. कारण किनाऱ्यावरचे सुतार पिढ्यान् पिढ्या नेमके उलट करीत आले : कण्याला जड, चिवट लाकूड, फळ्यांना त्याहून वेगळे, आणि आतल्या फासळ्यांना बाभळीसारखे मुळातच वाकडे वाढलेले. अशा सरमिसळीच्या नौका आफ्रिकेच्या व अरबस्तानच्या किनाऱ्यांना लागून परतही येत होत्या.

लोखंडाविषयीची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. हिंदी महासागरातील जुन्या नौका खिळ्यांनी जोडीत नसत. त्या काथ्याच्या दोरीने शिवीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात अशा शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे, तेराव्या शतकात मार्को पोलोने त्या होर्मुझला पाहिल्या. याचे कारण चुंबक नव्हे. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि भोवतीचे लाकूडही खाते. काथ्या खाऱ्या पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. शिवाय लाटेने वाळूवर आपटलेली शिवलेली नौका थोडी लवते, तडकत नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक नवलाची वाटली. आपण समजतो की आधी सांगाडा उभा राहतो आणि मग त्यावर फळ्या बसतात. येथे क्रम उलटा आहे. कण्याला पहिली फळी, तिला दुसरी, अशी आधी कातडी तयार होते. फासळ्या मागाहून आत बांधल्या जातात. म्हणजे नौकेचा आकार कागदावर नसतो, सांगाड्यातही नसतो. तो कारागिराच्या नजरेत असतो. २०२३ साली गोव्यात अजिंठ्याच्या त्याच चित्रावरून नौका बांधावयाचे ठरले, तेव्हा जुना आराखडा कोठेच उपलब्ध नव्हता. केरळच्या बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांनी ती शिवली. ‘कौंडिण्य’ या नावाने ती २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतला निघाली.

हे सारे मुलांना सांगितल्यावर आपणही एक शिवू, असा हट्ट सुरू झाला. आमच्या शाळेपासून समुद्र शेकडो मैल दूर; पण वसतिगृहामागे पाण्याचा हौद आहे. तीन फूट लांबीची नौका ठरली. आंब्याच्या पाव इंच जाडीच्या पाच फळ्या, एक तळाची व दोन्ही बाजूंस दोन-दोन. पट्टी लावून प्रत्येक कडेपासून अर्ध्या इंचावर सरळ रेघ मारली, रेघेवर दीड-दीड इंचाने भोके पाडली आणि दुकानातून आणलेल्या तागाच्या सुतळीने शिवण घातली. ओढून आवळताना दोन फळ्या रेघेबरोबर उभ्या चिरल्या. उरलेल्या कशाबशा जोडल्या. पंधरवड्यात सुतळीही कुजली.

त्याच सुमारास पालक सभा होती. सभा संपल्यावर एक पालक त्या चिरलेल्या फळ्या उचलून न्याहाळीत उभे राहिले. म्हणाले, “सर, तुम्ही रेघ सरळ मारली, म्हणून फुटली.” लाकडाचा रेषा एकाच ओळीत भोकांनी कापला की फळी तेथेच दुभंगते, भोके किंचित वरखाली हवीत, ओढ एका रेषेवर पडता कामा नये. ते गावात सुतारकाम करीत. ज्याने अजिंठ्यात प्रश्न विचारला, त्या मुलाचे ते वडील. प्रवेशअर्जातील ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात त्याने ‘शेती’ लिहिले होते. श्रमविभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले आणि आम्ही ते दरवर्षी वर्गात शिकवितो. तो अर्ज तपासून त्यावर सही आम्हीच केली होती.

पुढचे चार रविवार ते आले. पहिल्या रविवारी वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच बसून फळ्या रंधू लागले. तेव्हा मुलांनीच सामान बाहेर नेले आणि व्हरांड्यात वर्ग भरला. त्यांनी शिकविले ते घरी करू इच्छिणाऱ्यांसाठी येथे देतो. फळ्या रात्रभर पाण्यात ठेवाव्यात. सकाळी उकळत्या पाण्यात भिजविलेली पोती त्यांवर गुंडाळून, टोके दाबून, सावकाश वाक द्यावा. घाई केली की आंबा मोडतो. भोके समोरासमोरच्या फळ्यांत जोडीने पाडावीत. सांध्यावर आतून-बाहेरून काथ्याची वात ठेवावी आणि तिच्यावरून सुंभ आडवा-तिरपा ओवावा. या कामाला दोघे लागतात, एक आत व एक बाहेर. बाहेरच्याने दोरी ओढावयाची आणि आतल्याने मोगरीने सांधा ठोकावयाचा. एकाने ढिलाई केली तर दुसऱ्याची शिवण वाया जाते. मग भोकांत काथ्या ठासून, तेलात उकळलेली राळ वरून फासावी. (राळ पेट घेते, हे काम उघड्यावर व मोठ्यांनीच करावे.) आडव्या फासळ्या सर्वांत शेवटी, त्याही दोरीनेच बांधाव्यात. त्यांनी त्या बांधावरच्या बाभळीच्या वाकड्या फांद्यांतून काढल्या. ‘युक्तिकल्पतरू’चे वर्गीकरण आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि बाभळीची फांदी पुढे करीत म्हणाले, “हिची जात वाकडी, एवढंच मला माहीत.”

नौका हौदात सोडली तेव्हा सारे वसतिगृह जमले होते. ती तरंगली, पण पाचच मिनिटांत तळाशी पाणी दिसू लागले. मुलांचे चेहरे उतरले, आमचाही उतरला. ते मात्र निर्धास्त होते. लाकूड कोरडे आहे, त्याला फुगू द्या, म्हणाले. दोन मुलांनी रात्री आळीपाळीने वाटीने पाणी उपसले. पहाटेच्या वंदनेपूर्वी आम्ही कंदील घेऊन हौदावर गेलो. तो मुलगा वाटी हातात घेऊन काठावर बसला होता. नौकेत पाणी नव्हते. त्याने अर्ज बदलून मागितला.