‘ब्लॅक एंजल्स’ वाजवताना

जॉर्ज क्रम्ब या अमेरिकी संगीतकाराची ही रचना १९७० सालची. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, आणि ‘युद्धकाळात’ अशी लॅटिन नोंद त्यानं संहितेवरच केली. तारीख घातली १३ मार्च, शुक्रवार. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो, चारही वाद्यांचा आवाज विजेवर वाढवलेला. आमच्या हौशी चौकडीत व्हायोला माझ्याकडे. त्यातून जे उमगलं ते असं.

१. रियाजाआधी बाजारहाट करावी. शिंपी बोटात घालतात तसे अंगुस्ताने, मराकस म्हणजे खुळखुळे, मोठी लटकती टॅम-टॅम म्हणजे धातूची थाळी, काचेचे पेले. गजही दोन ठेवावेत. चांगला गज टॅम-टॅमच्या कडेवर ओढायला कोणाचंही मन धजत नाही.

२. पेल्यांना वेळ द्यावा, तारांइतकाच. ‘गॉड-म्युझिक’ या भागात चेलो एकटा गातो आणि आम्ही तिघं पेल्यांच्या काठावरून गज ओढतो. जलतरंगात काडीचा आघात असतो, सूर लगेच विरतो. इथे तो धरून ठेवायचा असतो. पाणी वाढवलं की सूर उतरतो, म्हणून नेमक्या पातळीवर खूण करून ठेवलेली बरी. जाड, स्वस्त काच नुसती कुरकुरते. पातळ स्फटिककाच हवी, गजाला राळ भरपूर हवी आणि हात सावकाश हवा. मुख्य म्हणजे हा चमत्कार दाखवायचा भाग नाही. चेलोखाली सूर ढळला की सगळं ओंगळ होतं.

३. वाद्य उलटं धरायची लाज सोडावी. ‘पावाना लाक्रिमे’ या भागात तिघांनी वाद्य ‘व्हायोल’ या जुन्या तंतुवाद्यासारखं उभं धरायचं आणि गज डाव्या हाताच्या पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला चालवायचा. बोटांचा अंदाज पार कोलमडतो. सारंगी जवळून पाहिलेल्या माणसाला निदान उभ्या वाद्याचं नवल वाटत नाही, एवढाच दिलासा. पण जो आवाज निघतो! या भागात येणारी शूबर्टच्या ‘डेथ अँड द मेडन’ची धून कुठल्या तरी बंद दारामागून आल्यासारखी फिकट, थकलेली. वर पहिलं व्हायोलिन किड्यांसारखं किरकिरत असतं. हा आवाज सरळ गजानं, कितीही हळू वाजवलं तरी, मिळत नाही. विचित्र तंत्र कशासाठी, हा प्रश्न मला तिथे पडेनासा झाला.

४. वाजवताना आकडे तोंडानं म्हणायचे आहेत: जर्मन, रशियन, हंगेरियन, जपानी, स्वाहिली. उच्चार पाठ करावेत. हसू पहिल्या तालमीतच संपवावं.

५. पहिल्याच भागात विजेच्या किड्यांसारखा आवाज कानावर तुटून पडतो. ध्वनियंत्रणा बघणाऱ्याला तालमीला बसवावं, नाहीतर तो घाबरून आवाज उतरवतो. तो दुखरा आवाज क्रम्बला हवाच होता.

६. शूबर्टची ‘डेथ अँड द मेडन’ ही मूळ डी मायनर चौकडी त्याच मैफलीत, आधी ठेवावी. ती धून ताजी असली की श्रोत्याला पुढे काय मोडलंय ते कळतं. शिवाय मध्यंतरात पेले भरायला वेळ मिळतो.