भूमिगत कोळसा-वायूकरण आणि भूजल

खोलवरचा कोळसा खणून वर न काढता जमिनीखालीच अंशतः जाळून त्यापासून इंधनवायू मिळविण्याच्या पद्धतीस भूमिगत कोळसा-वायूकरण म्हणतात. झारखंडमधील कास्ता येथे २०२४ साली ईस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीने असा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. खानदेशात कोळशाच्या खाणी नाहीत. तथापि या प्रयोगांतून भूजलाविषयी मिळणारा धडा जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गावांनाही लागू पडणारा आहे.

प्रक्रिया आणि धोका

कोळशाच्या थरापर्यंत दोन विंधन छिद्रे घेतात. एकातून हवा किंवा प्राणवायू व वाफ सोडतात. दुसऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व मिथेन यांचे मिश्रण वर येते. जळालेल्या जागी पोकळी होऊन तीत राख, बेंझीन व फिनॉल यांसारखी द्रव्ये उरतात. पोकळीतील दाब सभोवतालच्या भूजलाच्या दाबापेक्षा कमी असेल, तर पाणी आत येते. तो वाढला, तर दूषित वायू जलधारक थरात शिरतो.

अमेरिकेतील हो क्रीक येथे १९७६ ते १९७९ दरम्यानच्या चाचण्यांत पोकळीचे छत कोसळले आणि भूजलात बेंझीन व फिनॉल मिसळले. ऑस्ट्रेलियातील चिंचिला येथील प्रकल्पामुळे पर्यावरणाची गंभीर हानी झाल्याचे न्यायालयात सिद्ध होऊन २०१८ साली संबंधित कंपनीस ४५ लाख डॉलर दंड झाला. क्वीन्सलँड शासनाने २०१६ सालीच या पद्धतीवर बंदी जाहीर केली होती.

खानदेशासाठी बोध

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागा तापीकाठच्या गाळातील वाळू-गोट्यांच्या थरांतील पाण्यावर पोसल्या जातात. इतरत्र पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत असते. हे पाणी एकदा दूषित झाले, की शुद्धीकरणास वर्षानुवर्षे लागतात. भुसावळजवळील दीपनगरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळून राख उरते. अशी राख पाण्यात कालवून तळ्यात साठविली व तळाला अस्तर नसले, तर तिच्यातील क्षार व धातू झिरपू शकतात.

म्हणून प्रकल्प कोणताही असो, तो सुरू होण्यापूर्वीच परिसरातील विहिरी व कूपनलिका यांची पाणीपातळी आणि रासायनिक तपासणी पावसाळ्याआधी व नंतर करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे साहाय्य घ्यावे, निष्कर्ष ग्रामसभेत वाचून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावेत आणि दरवर्षी ताडून पाहावेत. आधीची नोंद नसेल, तर पाणी कोणामुळे बिघडले हे सिद्ध करणे कठीण जाते. आज केलेली नोंद हीच उद्या गावाच्या पाण्याची साक्ष ठरेल.