रिकामा राहू शकेल असा हौद

राहुरी

चि. बाळास,


मळ्यात मुलांसाठी पोहण्याचा हौद करायचा, त्याचं किट मागवायचं आणि जोडणी घरच्या घरीच करायची, हा तुझा बेत मला मनापासून पसंत आहे. जिथे एका बाजूला मुळा धरणाच्या ज्ञानेश्वर सागराचं २६ टीएमसी पाणी, गावागावांतून मुळेचे कालवे आणि शिवारात विहिरी नि शेततळी आहेत, तिथल्या मुलाला पोहता आलंच पाहिजे. प्रश्न हौद करावा की नाही हा नाही, कसला करावा हा आहे. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. आहे त्याच शेततळ्यात पोहायचं, खड्डा खणून जमिनीत बसवायचं किट आणायचं, किंवा जमिनीवर उभा राहणारा लोखंडी फ्रेमचा हौद घ्यायचा. तुझा ओढा पहिल्या दोहोंकडे दिसतो. माझं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे आणि कारण एकच: आपल्याकडचा हौद रिकामा ठेवता आला पाहिजे, आणि मूल त्यातून बाहेर येऊ शकलं पाहिजे. या दोन कसोट्यांवर पहिल्या दोन्ही वाटा टिकत नाहीत.

शेततळं आधी घेतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल हे माप सगळ्यांच्या तोंडी झालं. बाजूंचा उतार एकास एक धरला तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. एवढं पाणी आयतं भरलेलं असताना आणखी १६ हजार लिटरच्या फ्रेमच्या हौदाचा खेळ कशाला, हा तुझा सवाल वरवर रास्त वाटतो. पण एकास एक म्हणजे ४५ अंशांचा उतार. अशा उतारावर उभं राहायचं तर पाय आणि पृष्ठभाग यांच्यातला घर्षणाचा गुणांक निदान १ लागतो, आणि तळ्यात अंथरलेल्या ओल्या, शेवाळ धरलेल्या प्लॅस्टिकवर तो त्याच्या जवळपासही नसतो. काळ्या जमिनीत उतार दीडास एक केला तरी कोन ३४ अंशांचा राहतो, तोही पुरेसा नाही. पाण्यात असेपर्यंत शरीर हलकं असतं, म्हणून काठापर्यंत पोहत येता येतं. अंग पाण्याबाहेर काढताना मात्र सगळं वजन पायांवर येतं, पाय सटकतो आणि माणूस पुन्हा आत जातो. असं पाच-सहा वेळा झालं की दम संपतो. म्हणून शेततळ्यात पट्टीचे पोहणारेही बुडतात. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येऊ शकत नाही. पोहण्याच्या कौशल्याचा इथे उपयोग नाही, कारण अडचण पाण्यात नसून काठावर आहे.

तू म्हणशील, आपल्या आधीच्या पिढ्या विहिरीतच पोहायला शिकल्या, त्यांना कुठे तरणतलाव होता? खरं आहे. पण त्या विहिरीकडे नीट बघ. दगडी बांधकामात पाय ठेवायला बाहेर काढलेले दगड किंवा पायऱ्या असत, फटींत बोटं रुततील असा काठ असे, पोराच्या पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधलेला असे आणि कमरेच्या दोराचं टोक थोरल्या माणसाच्या हातात असे. बाहेर पडायची सोय आधी, पाण्यात उतरणं नंतर, असा तो सगळा बंदोबस्त होता. शेततळं पाणी न झिरपावं म्हणून बांधलेलं असतं. त्यात माणसाने उतरावं हे त्याच्या रचनेत धरलेलंच नाही. विहिरीचा दाखला शेततळ्याच्या बाजूने देता येत नाही, तो उलट त्याच्या विरुद्ध जातो.

आता जमिनीत बसवायच्या किटाबद्दल. त्या खोक्यात पत्रे येतात, अस्तर येतं, पंप आणि गाळणी येते. जमीन काही येत नाही. ती आपली इथलीच, आणि मुळा-प्रवरेच्या मधली भारी काळी जमीन बांधकामाला फार अवघड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा खड्ड्यात उभ्या केलेल्या पातळ भिंतीवर दरवर्षी एकदा आतल्या बाजूला रेटा येतो आणि एकदा आधार सुटतो. हौद भरलेला असेल तर आतलं पाणी त्या रेट्याला उलट दाब देतं, म्हणून भरलेला हौद टिकतो. रिकामा झाला की तो दाब उरत नाही. त्यातून आपला मळा कालव्याखाली. आवर्तन सुटलं की विहिरींची पातळी वर येते आणि निचरा नसलेल्या रानात पाणी वीतभर खालीच उभं राहतं. जमिनी चोपण झाल्या त्या याच पायी. समज, दीड मीटर खोल हौद रिकामा आहे आणि बाहेरचं भूजल जमिनीखाली अर्ध्या मीटरवर आलं. तळाला खालून एक मीटर पाण्याचा दाब बसतो, म्हणजे दर चौरस मीटरला एक टन. ५०० मायक्रॉनच्या अस्तराचं वजन तेवढ्या जागेत किलोभरही भरत नाही. ते फुगून वरच येणार. खाली निचऱ्याची नळी टाकू, कूप करून उपसा ठेवू, हे उपाय आहेत, पण मग तो किटाचा हौद राहत नाही, पक्कं बांधकाम होतं आणि खर्चही तसाच येतो. तरीही खणायचंच असेल तर आधी पाच फुटांचा एक खड्डा घेऊन आवर्तनाआधी आणि आवर्तनानंतर त्यात पाणी किती चढतं ते बघ. माती कितपत फुगते ते कृषी विद्यापीठात विचारून घे, एवढी मोठी संस्था दारात आहे.

हौद रिकामा कशाला होईल, ही तुझी पुढची शंका. कारण आपण पर्जन्यछायेत राहतो. १९७२, २०१२-१३, २०१५-१६ ही सालं पुन्हा येणार नाहीत असं कुणी सांगू शकत नाही. पाण्याचा हिशेब मी दोन्ही बाजूंनी मांडतो. साडेचार मीटर व्यासाच्या, मीटरभर पाणी धरणाऱ्या गोल हौदात सुमारे १६ हजार लिटर मावतात. एकरभर उसाच्या एका भरणीला साडेसात सेंटिमीटर पाणी धरलं तर तीन लाख लिटर लागतात. तेव्हा एकदा भरलेला हौद म्हणजे उधळपट्टी, हा आक्षेप मला मान्य नाही. मात्र गाळणी न वापरता दर आठवड्याला पाणी सोडून द्यायचं आणि नवं भरायचं, ही उधळपट्टीच. शिवाय एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे या हौदातून रोज सव्वाशे ते एकशे साठ लिटर. टंचाईत टँकरचं पाणी माणशी २० लिटरच्या हिशेबाने मिळतं. तुझ्या हौदातून रोज सहा ते आठ माणसांचं पाणी उन्हात जाईल. झाकण घातलं तर यातलं बरंचसं वाचतं, म्हणून झाकण हा किटाचा ऐच्छिक भाग समजू नकोस. आणि शेजारच्या वस्तीवर टँकर येत असताना आपल्या दारात भरलेला हौद असू नये, असं मला वाटतं. फ्रेमचा हौद त्या वर्षी सोडवून, वाळवून, घडी घालून माळ्यावर ठेवता येतो. जमिनीतला हौद ठेवता येत नाही, आणि शेततळ्याचं प्लॅस्टिकही पाण्याविना उन्हात उघडं पडलं की लवकर खराब होतं.

जमिनीवरचा हौद दिसायला ओबडधोबड, ही तक्रार मला मान्य आहे, पण त्याची उभी भिंत हेच लहान मुलांसाठी कुंपण आहे. शिडी काढून घरात ठेवली की तीन वर्षांचं पोर पाण्यापर्यंत पोचत नाही. जोडणीत खरी मेहनत बुडाची. १६ हजार लिटर म्हणजे १६ टन वजन. जागा एका अंगाला दोन-तीन सेंटिमीटरही खाली नको, नाहीतर पाणी त्या बाजूला रेटतं आणि फ्रेमचे पाय वाकतात. वरची काळी माती काढून वीतभर मुरूम धुमसून घे, हौदापेक्षा सगळीकडून हातभर जास्त, आणि भोवती चर काढ, म्हणजे सांडलेलं पाणी एका बाजूची माती फुगवणार नाही. प्रत्येक पायाखाली फरशी जमिनीच्या पातळीत बसव. पंपाची वीज मोटारीच्या स्टार्टरवरून ओढू नकोस. वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी, यात काटकसर नको. पाण्याला ग्रामपंचायतीत असते तीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर चालते. ती ताजी असेल तर या हौदाला १०० ग्रॅम पुरतात, बादलीत कालवून वरची निवळी घालायची, आणि संध्याकाळी, कारण उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. कुठल्याही आम्लाशी तिची गाठ पडू देऊ नकोस, त्यातून विषारी वायू निघतो.

किट यायला वेळ लागेल. त्याआधी या आठवड्यातच शेततळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेले जाड नायलॉनचे दोर वरच्या खुंट्यांना बांधून थेट पाण्यात सोड, दोन फुगवलेल्या ट्यूब काठावर ठेव, तारेचं कुंपण पुरं कर आणि फाटकाला कुलूप लाव. एवढं झालं की मला कळव.

तुझा,
मामा