अन्ननलिकेचा लवकर सापडलेला कर्करोग : सगळा प्रश्न खोलीचा

मागच्या पाठात आपण अन्ननलिकेची रचना पाहिली. साधारण २५ सेंटिमीटर लांबीची नळी. आतून अस्तर, त्याखाली मऊ थर, त्याखाली स्नायू. विसरला असाल तर आकृती एकदा काढाच, कारण आजचं सगळं त्या तीन थरांवर आहे.

हा कर्करोग अगदी सुरुवातीला सापडणं दुर्मिळ. नळी ताणली जाते, त्यामुळे बराच काळ काही जाणवतच नाही. मग एक दिवस भाकरीचा घास अडकतो, पुढे भातही. तोवर गाठ बहुधा स्नायूंत शिरलेली असते. म्हणून लवकर सापडतो तो दुसऱ्याच कारणासाठी दुर्बीण घातली तेव्हा, नाहीतर धोका ओळखून मुद्दाम शोधला तर. तंबाखू आणि दारू ही मोठी कारणं. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनाही हा धोका जास्त. घरात असं कोणी असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

शोधतात कसा? आयोडीन शिंपडून! बटाट्यावर आयोडीन टाकलं की तो निळा-काळा होतो, हा प्रयोग तुम्ही केलाय. तिथे स्टार्च होतं, इथे ग्लायकोजेन. निरोगी पेशींत ते भरपूर, म्हणून अस्तर तपकिरी होतं. रोगट पेशींत ते फारसं नसतं, तेवढा डाग फिका राहतो.

आता उपचार. डाग अस्तरातच असेल तर छाती उघडायची गरज नाही. जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आधी जठरासाठी 'ईएसडी' नावाची पद्धत विकसित झाली, मग ती अन्ननलिकेतही वापरू लागले. तोंडातून दुर्बीण घालतात, डागाखालच्या मऊ थरात द्रव टोचतात. अस्तर पुरीसारखं फुगून स्नायूपासून वेगळं होतं. मग बारीक विद्युत-सुरीने डाग कडेने कापून अख्खा सोलून काढतात. अख्खाच का? तुकडे झाले तर कडा आणि खोली नीट मोजता येत नाही.

आणि मोजणं हाच खरा निकाल. पॅथॉलॉजिस्ट तो तुकडा टाचण्यांनी ताणून बसवतात, बारीक काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रोग मऊ थरात ०.२ मिलिमीटरपेक्षा खोल गेला असेल, किंवा लसीका वाहिन्यांत दिसला, तर तो गाठींपर्यंत पोचल्याची शक्यता बरीच वाढते. मग शस्त्रक्रिया, किंवा किरणोपचार आणि केमोथेरपी. वरच्यावर असेल आणि कडा स्वच्छ असतील, तर बहुतेकांना आणखी उपचार लागत नाहीत. रुग्णाला गाठ केवढी याचीच धास्ती असते, पण इथे रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची.

रुंदीचा त्रास वेगळा. नळीच्या घेराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग सोलला तर जखम भरताना नळी आक्रसते आणि बऱ्या झालेल्या माणसाचाही घास अडकू लागतो. ते टाळायला स्टेरॉइड देतात. तरी अरुंद झालीच तर फुग्याने रुंद करतात, कधी कधी अनेकदा. शिवाय उरलेल्या अस्तरात नवा डाग उगवू शकतो, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा दुर्बीण, पुन्हा आयोडीन.