मिलिंद, नागसेन आणि अभ्यासिकेची किल्ली

होटगीची आपली मुलेमुली रोज सोलापूरच्या महाविद्यालयांत शिकावयास जातात. त्यांना पदव्याही मिळतात. परंतु वर्गात प्रश्न विचारावयाची वेळ आली की अनेकांची मान खाली जाते. हा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. त्यांचे ऐकून घेणारे नेतृत्वही हवे. ते कसे असावे याचा धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या (स्थापना ८ जुलै १९४५) कार्यातून घालून दिला आहे.

१) अडचण ओळखणे : १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरविले. विद्यार्थ्याच्या अडचणीनुसार वेळ बदलणे, हाच त्या काळचा मोठा नवा उपक्रम होता.

२) प्रश्नाचा मान राखणे : १९५० साली औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेल्या महाविद्यालयास पुढे बाबासाहेबांनी 'मिलिंद' हे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. त्याच्याशी चर्चा करण्यापूर्वी भिक्खू नागसेनांनी अट घातली, ती अशी की राजा म्हणून बोलाल तर चर्चा नाही, विद्वानासारखे बोलाल तरच होईल. कारण राजाला विरोध केला की शिक्षा होते. विद्वानाला चूक दाखविली तरी तो रागावत नाही. महाविद्यालयास प्रश्नकर्त्याचे नाव आणि परिसरास उत्तर देणाऱ्याचे, 'नागसेनवन'! यातच सारे आले.

३) इतरांना पुढे आणणे : मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. पुढे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी नव्या लेखकांना बळ दिले. त्याच वातावरणात डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले आणि दलित साहित्याचे हक्काचे व्यासपीठ ठरले.

आता आमच्याविषयी. परीक्षेच्या दिवसांत मुलांनी विनंती केली होती, "अभ्यासिका पहाटे पाचला उघडा, किल्ली आमच्याकडे द्या." आम्ही वडीलधाऱ्यांनी "पाहू" म्हणून विषय संपविला. मुले परत विचारावयास आली नाहीत. नोकरीत मात्र आम्ही रोज पाहतो, बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोघांकडे राहतात आणि दोघे एकत्र आल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. विश्वास वाटून घेतला म्हणजे जबाबदारीही वाटली जाते. हे ठाऊक असूनही आम्ही त्या दिवशी राजासारखे बोललो.

म्हणून आमची सूचना अशी : अभ्यासिकेची एक किल्ली विद्यार्थी प्रतिनिधीकडे द्यावी आणि रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावा. त्या वेळी पदाधिकाऱ्यांनी पद बाजूस ठेवून बसावे. विद्यार्थ्यांनीही संकोच सोडावा. विहारात प्रश्न विचारण्याची सवय झाली, तर महाविद्यालयातही मान ताठ राहील.