बरं वाटतंय, म्हणून गोळी बंद?

"आता मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" बायपोलर आजार असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. माणूस सहा महिने नीट कामावर जातो, हसतो-बोलतो. मग एखादा पाहुणा म्हणतो, "या गोळ्यांनी डोकं सुस्त होतं." झालं, गोळ्या फडताळात पडून राहतात.

या आजारात मन दोन टोकांना जातं. तेजीत झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, उसने काढून खर्च होतो, जरा अडवलं की भांडण. उदासीत अंथरुणातून उठवत नाही, जगणं नकोसं होतं. मधल्या काळात माणूस पूर्वीसारखा असतो, आणि गोळ्या सुटतात त्या बहुधा याच काळात. त्यात तेजीची सुरुवात रुग्णाला आजार वाटतच नाही. कधी नव्हे इतकं छान वाटतं. म्हणून गोळी थांबवायची की नाही, हे नुसत्या बरं वाटण्यावरून ठरवू नये.

या आजारावरचं जुनं औषध लिथियम. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा उपयोग दाखवला. आजही ते दिलं जातं. रक्तात ते कमी पडलं तर गुण येत नाही, जास्त झालं तर विषबाधा होते. म्हणून रक्त तपासतात, तेही शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यावी. थायरॉइड आणि किडनीचीही तपासणी अधूनमधून लागते. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या, मीठ एकदम तोडू नका. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलमधून परस्पर आणू नका. जुलाब-उलट्या लागल्या, हात फार थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजन वाढतं, तहान लागते, ही तक्रार खरी असते. ती डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. मूल हवं असलेल्या बाईने तर आधीच बोलावं, कारण व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं.

गोळीइतकीच झोप महत्त्वाची. जयंतीच्या तयारीत पोरं रात्र-रात्र जागतात. ज्याला हा आजार आहे त्याला दिवसाचं काम द्या. जागरणाने तेजी उसळू शकते. समुपदेशनात हेच शिकवतात: आपली पहिली लक्षणं ओळखणं. बरं असताना ती कागदावर लिहा आणि ती दिसली की कोणी सांगायचं, आई की मित्र, तेही रुग्णानेच ठरवावं. मग टोकणं जाचक वाटत नाही.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो. जीव द्यायची भाषा ऐकू आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. कित्येक दिवस सुटल्या असतील तर जुन्या मात्रेवर स्वतःहून परतू नका. केसपेपर घेऊन ओपीडीत जा आणि किती दिवस सुटल्या ते खरं सांगा.